पावसाळी हंगामाचा रंगमंच

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर कोणत्याही महाविद्यालयाच्या मालकीचे नाही. तरीही पुणे जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन नाटकाचे घर कोणते, असे विचारले तर नाव त्याचेच घ्यावे लागते. ही संस्था १८९४ साली ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावाने सुरू झाली. विद्यार्थ्यांनी हौसेखातर काढलेले ते मंडळ. पुढे त्याचे नाव बदलत गेले आणि अखेर ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’ हे नाव पक्के झाले. सव्वाशेहून अधिक वर्षे तिथे मुले आली, नाटके करून गेली. संस्था तेवढी टिकून राहिली.

महाविद्यालयीन रंगभूमीचा इतिहास सांगताना पहिली अडचण इथेच येते. व्यावसायिक नाटक मंडळीत नट पंचवीस-तीस वर्षे राही, मुलगा बापाच्या भूमिका उचली, गायकीची घराणी तयार होत. महाविद्यालयातला नट तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. जो दिग्दर्शक म्हणून जरा तयार होतो, त्याचे ते शेवटचे वर्ष असते. दर जूनमध्ये संघ पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो. म्हणून या रंगभूमीची परंपरा माणसांच्या आधारे चालत नाही. नाट्यगृह, आयोजक संस्था आणि स्पर्धेचे नियम या तीन टेकूंवर ती उभी असते, आणि तिचा इतिहास हा बराचसा त्या टेकूंचाच इतिहास आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे मराठी नाटक हा मंडळ्यांचा धंदा होता. शिकलेल्या तरुणाचा त्याच्याशी संबंध दोन दारांनी आला. एक दार संगीताचे: अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले आणि पदवीधर मंडळी नाटकाला उघडपणे जाऊ लागली. दुसरे दार इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे. शेक्सपिअर वर्गात शिकवला जाई, आणि जे वर्गात वाचले ते मराठीत उभे करावे असे वाटणारे प्राध्यापक पुण्यात होते. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चा अनुवाद ‘विकारविलसित’ या नावाने केला. तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली. दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या परिवारातले. ही सोसायटी १८८४ ची आणि तिचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे. केळकर अनुवादावर थांबले नाहीत. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींना त्यांनी भूमिकेचा अर्थ उलगडून दाखवला, उच्चार आणि थांबे बसवून घेतले. प्राध्यापकाने धंदेवाईक नटाला तालीम द्यावी हे त्या काळी नवलाचेच होते. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दोनच वर्षांनी विद्यार्थ्यांचा क्लब निघाला, तो अशा हवेत. त्या हवेने क्लब जन्माला घातला असे म्हणणे जास्तीचे होईल. पण नाटक करणे हे सुशिक्षिताला न शोभणारे काम आहे, ही समजूत तोवर बरीच ढिली झाली होती.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे महाविद्यालयातले नाटक म्हणजे मुख्यतः स्नेहसंमेलनाचे नाटक. वर्षातून एक रात्र, लोकप्रिय नाटकाची संहिता, मिशी काढून लुगडे नेसलेला एखादा गोरटा विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत प्राचार्य. त्या रात्री मजा भरपूर होई. रंगभूमीला त्यातून फारसे काही मिळाले नाही. नाटककारांनी मात्र त्या रात्रींतून एक धडा घेतला असावा, की विद्यार्थी-प्रेक्षक हसायला उतावीळ असतो आणि खोटे दिसले की क्षणात हुर्यो करतो. या प्रेक्षकाची ही सवय अजून गेलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी संस्थांना दरवर्षी नवे नाटक उभे करण्याचे निमित्त मिळाले. पुण्यात भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, याच दशकातली. तिच्यात महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा भरणा होता. डॉ. श्रीराम लागू हे त्यांपैकी एक, ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे. वैद्यकीयच्या मुलांना नाटकाला वेळ कुठून मिळतो, हा प्रश्न पुण्यात पुष्कळदा विचारला गेला आहे. एक साधे कारण सांगता येते. तो अभ्यासक्रम लांब असल्याने संघ तीन वर्षांत मोडत नाही, आणि वसतिगृहात तालमीला रात्र मोकळी असते. पुढच्या काळात अभियांत्रिकीच्या संघांचा जोर वाढला त्यामागेही हेच कारण दिसते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्याच्या संस्थेने १९६० च्या दशकात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. संस्थेचे पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ तिला ‘पुरुषोत्तम करंडक’ हे नाव मिळाले. मुले तिला नुसते ‘पुरुषोत्तम’ म्हणतात. ‘यंदा पुरुषोत्तम करतोय’ एवढे म्हटले की वर्गातल्या हजेरीपासून घरच्या जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्याचा खुलासा होतो. स्पर्धेला शिस्तीचे वळण लावण्यात राजाभाऊ नातूंचा वाटा मोठा. वेळ, नियम आणि निकालाची गोपनीयता यांत त्यांनी सूट दिली नाही, आणि त्या करड्या कारभाराच्या आठवणी जुने स्पर्धक अजून धास्तीने आणि प्रेमाने सांगतात.

स्पर्धेचा हंगाम पावसाळ्यात येतो. महाविद्यालये जूनमध्ये उघडतात. जुलैत संहितेचा शोध सुरू होतो. कोणाच्या वहीत काही लिहिलेले असते, कोणी कथेवरून एकांकिका बेतलेली असते, कुठे माजी विद्यार्थी येऊन वाचून दाखवतो. प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. पहिल्या दिवसाची चिठ्ठी निघाली की संघाचे तोंड उतरते आणि शेवटचा आठवडा मिळाला की तालमी रेंगाळतात. दोन्हींत फायदा कोणाचा, यावर एकमत झालेले नाही. प्राथमिक फेरी ऑगस्टच्या मध्यावर भरत नाट्य मंदिरात सुरू होते. अलीकडच्या वर्षांत तिच्यात साधारण ५१ संघ असतात. रोज संध्याकाळी तीन एकांकिका, म्हणजे सतरा संध्याकाळी. यादीत जागा न मिळालेले संघ प्रतीक्षेत राहतात. प्राथमिक फेरीतून नऊ संघ अंतिम फेरीत जातात आणि सप्टेंबरात शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी तीन-तीन प्रयोग होऊन रात्री निकाल लागतो.

या वेळापत्रकाचा नाटकाच्या घडणीवर थेट परिणाम होतो. तीन तासांत तीन एकांकिका करायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला, रंगमंच लावण्या-आवरण्यासह, तासभरच येतो. पहिल्या संघाचे सामान निघते तोच दुसऱ्याचे आत शिरते. एवढ्या वेळात दिवाणखान्याची भिंत, खिडकी आणि जिना उभा करणे शक्य नाही. म्हणून ठोकळे, लेव्हल, एखादी खुर्ची, मागे काळा पडदा. स्पर्धेचा भरही आरंभापासून लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय या तिन्हींवर आहे; नेपथ्य, प्रकाश, संगीत ही अंगे तिथे दुय्यम मानली जातात. जी गोष्ट सामानाने दाखवता येत नाही ती अंगाने आणि आवाजाने दाखवावी लागते. बस, बोगदा, नदी, गर्दी हे सारे सात-आठ मुलांच्या शरीरांतून तयार होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही काटकसर वाटेल. खरे तर पुण्याच्या प्रायोगिक नाटकाची शैली पुष्कळ अंशी या तासाभराच्या सक्तीतून आली आहे.

पारितोषिकांची रचनाही सांगण्याजोगी आहे. सांघिक पहिल्या क्रमांकाला पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्याला हरी विनायक करंडक, तिसऱ्याला संजीव करंडक. यांशिवाय सर्वोत्कृष्ट प्रायोगिक एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक आहे. हर्डीकर हे पुण्याच्या रंगभूमीवरचे गुणी नट, अकाली गेले. पहिल्या तिघांत न बसणारी, पण काही वेगळे करू पाहणारी एकांकिका या करंडकामुळे नोंदली जाते, आणि अनेक संघ तोच मिळावा म्हणून झटतात. वाचिक अभिनयासाठी वेगळे पारितोषिक आहे, तसेच उत्तम आयोजन करणाऱ्या संघासाठीही आहे. सामान वेळेत हलवणाऱ्या, विंगेत गोंगाट न करणाऱ्या संघाची दखल घेणारी स्पर्धा महाराष्ट्रात विरळाच. रंगमंचामागची शिस्त हा कलेचाच भाग आहे, ही आयोजकांची भूमिका त्यातून दिसते.

प्रेक्षागृहातली शिस्त हा मात्र निराळा विषय आहे. पडदा उघडण्याआधी पाठीराखे ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकतात, महाविद्यालयाचे नाव छताला भिडते, समोरचा गट त्याहून मोठ्याने उत्तर देतो. तिसरी घंटा झाली की तोच जमाव चिडीचूप होतो. अनोळखी माणसाला हा प्रकार क्रीडासामन्यासारखा वाटतो आणि काही ज्येष्ठांना तो खुपतोही. पण प्रयोग पडत असेल तर पाठीराख्यांची आरोळी त्याला वाचवू शकत नाही, हे त्या गर्दीलाही ठाऊक असते.

या हंगामातून बाहेर पडलेल्यांची यादी करण्यात फारसे हशील नाही. ती दरवर्षी वर्तमानपत्रांत येतेच. एका पिढीचा मागोवा घेतला तर मात्र स्पर्धेने नेमके काय दिले हे स्पष्ट होते. जब्बार पटेल मूळचे पंढरपूरचे, शाळा सोलापुरात, मग पुण्यात बी. जे. वैद्यकीय. मोहन आगाशे तिथलेच. सतीश आळेकर फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी घेऊन पुढे जीवरसायनशास्त्राकडे वळले आणि बी. जे. मध्येच नोकरीला लागले. तिघेही महाविद्यालयीन एकांकिकांतून पीडीएकडे आले. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पीडीएने केला, तो भरत नाट्य मंदिरातच. दिग्दर्शन पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची; नाना फडणवीस आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. त्या नाटकातली ओळीने उभी राहणारी ब्राह्मणांची भिंत जगभर वाखाणली गेली. माणसांचा पडदा, माणसांचे नेपथ्य. अशी कल्पना रंगमंचावर खेळवून पाहण्याचे धाडस कुठून आले हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठोकळे आणि काळा पडदा एवढ्यावर तासभर उभे राहण्याची सवय या मुलांना आधीच लागलेली होती.

नाटकावरून वाद पेटला आणि पीडीएच्या अध्यक्षांनी एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवले. तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली. १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले. त्याच वर्षी आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले. कीर्तनाच्या बाजाने मृत्यूची थट्टा करणारे हे नाटक पंचविशीतल्या तरुणाने लिहिले, दिग्दर्शित केले आणि त्यात कामही केले. एकाच माणसाने तिन्ही कामे उचलणे हीसुद्धा महाविद्यालयीन संघातली सवय. तिथे माणसे कमी असतात आणि कोणी नेमून दिलेले नसते.

जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातल्या बारामती-इंदापूर भागाच्या दृष्टीने या कथेतला पुढचा टप्पा जवळचा आहे. जब्बार पटेल डॉक्टरकी करत होते ती दौंडला. बारामतीचा रेल्वेफाटा जिथून निघतो तेच दौंड. दवाखाना दौंडला आणि तालमी पुण्यात, अशी ओढाताण काही वर्षे चालली. साखर कारखाना, सहकारी सोसायटी, गावचा पुढारी आणि त्याच्या दाराशी ताटकळणारी माणसे हे जग दौंडच्या डॉक्टरला ऐकीव राहिले नव्हते. १९७५ च्या ‘सामना’ चित्रपटात ते पडद्यावर आले. पटकथा तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाण्यांची, दिग्दर्शन पटेलांचे. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या भूमिकेत निळू फुले, गावात येऊन पडलेल्या मास्तरांच्या भूमिकेत लागू. फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले आणि लागू पीडीएतून. दोन वेगळ्या शाळांतल्या नटांची जुगलबंदी म्हणून तो चित्रपट अजून पाहिला जातो. पुण्याच्या महाविद्यालयीन नाटकाने ऊसपट्ट्याकडे रोखून पाहिले त्याचे हे ठळक उदाहरण. उसाच्या रानातून आलेल्या मुलाने स्वतःच ते लिहावे आणि उभे करावे, याला पुढे आणखी बरीच वर्षे लागली.

याची कारणे कलेइतकीच रस्त्याची आणि खर्चाची आहेत. बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगरहून निरा, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरून पुण्यात पोचायचे. पंधरा-वीस मुले, थोडे सामान, एक टेम्पो. प्रयोग संध्याकाळी. परतीची शेवटची गाडी चुकली तर मुक्कामाची सोय कोणी करायची, आणि मुली संघात असतील तर घरून परवानगी कशी आणायची, या प्रश्नांवर अनेक एकांकिका तालमीतच संपतात. पुण्यातल्या संघाला माजी विद्यार्थी फुकट मिळतात. संध्याकाळी नोकरीवरून सुटून ते तालमीला येतात, चुका दाखवतात, चहा पाजतात. गावाकडच्या महाविद्यालयातला माजी विद्यार्थी नोकरीसाठी चाकण, भोसरी किंवा हडपसरला गेलेला असतो. संघाची स्मृती जपणारा माणूसच गावात नसतो. हा तोटा सभागृह बांधून भरत नाही, जरी सभागृहे हवीतच. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे गदिमा सभागृह झाल्यापासून या भागात चांगला रंगमंच नाही ही तक्रार तरी उरली नाही.

दुसरीकडे, या भागाला नाटकाचा स्वतःचा हंगाम आहे आणि तो पुण्याच्या हंगामाच्या अगदी उलट चालतो. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा करतात. त्यांच्या सुपाऱ्या ठरवण्याचे मोठे ठिकाण नारायणगाव, तेही याच जिल्ह्यात. कारखान्याचा गळीत हंगामही साधारण त्याच महिन्यांतला. पावसाळ्यात फड विसावतात आणि पुढच्या वर्षाचा वग बसवतात. म्हणजे सोमेश्वरनगरजवळच्या करंज्याच्या सोमेश्वर मंदिरात श्रावणी सोमवारची गर्दी लोटते त्या दिवसांत नारायणगावात वगाच्या आणि सदाशिव पेठेत एकांकिकांच्या तालमी एकदमच चाललेल्या असतात. दोघांना एकमेकांची खबर क्वचितच असते. वगातले हजरजबाबी संवाद, गणगौळणीचा बाज, सोंगाड्याची मोकळीक हे सारे शहरी मुले कार्यशाळेत शिकतात. ग्रामीण विद्यार्थी ते लहानपणी यात्रेत बघून आलेला असतो आणि स्पर्धेत उतरताना मात्र ते लपवून पुस्तकी मराठी बोलू लागतो. परीक्षकांसमोर बोलीची लाज वाटण्याचे हे दिवस आता सरत आले आहेत. गेल्या वीसेक वर्षांत बोलीतल्या एकांकिका सर्व स्पर्धांत दिसतात. त्यांतल्या काही खऱ्या असतात, काहींमध्ये शहरातल्या मुलांनी ‘ण’चा ‘न’ करून हशा वसूल केलेला असतो, आणि भरतचा प्रेक्षक दोन्हींना सारख्याच टाळ्या देतो हे त्याच्या पदरात घालावेच लागेल.

एकांकिका हा प्रकार गावाकडच्या संघाला सोयीचा आहे हे मात्र जुनेच सत्य. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही १९७० च्या दशकातली एकांकिका जवळपास काहीही सामान न लागता उभी राहते, आणि म्हणूनच ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या महाविद्यालयांत झाली. जातीचा प्रश्न तिच्यामुळे महाविद्यालयांच्या मांडवांत बोलला गेला.

पुरुषोत्तमच्या यशानंतर इतर स्पर्धा निघाल्या. पुण्यातच १९७४ पासून फिरोदिया करंडक आहे. तिथे नाटकाबरोबर नृत्य, वादन, चित्रकला, शिल्प असे काहीही रंगमंचावर आणता येते, आणि पुरुषोत्तमच्या काटकसरीला कंटाळलेली मुले तिथे हात मोकळे सोडतात. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरची, म्हणजे आयएनटीची, स्पर्धा आणि चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ यांचा दबदबा आहे. २०१४ पासून ‘लोकसत्ता’ची लोकांकिका राज्यभर होते. तांत्रिक सफाईत मुंबईचे संघ वरचढ आणि संहितेत पुण्याचे, असे ढोबळ मत ऐकू येते. तेही आता जुने झाले आहे. पुरुषोत्तमने पुण्याबाहेर केंद्रे काढली आणि त्यांतल्या विजेत्यांसाठी महाकरंडक सुरू केला. गावाकडच्या संघाला पुण्याला येण्याऐवजी स्पर्धाच जवळ नेण्याचा हा प्रयत्न. मात्र पुणे जिल्ह्यातल्या दूरच्या तालुक्यांना त्याचा लाभ कमी, कारण त्यांचे केंद्र पुणेच राहते.

नव्या शतकात स्पर्धेचा संघ पदवीनंतरही टिकवण्याचे प्रयत्न झाले. अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी, आलोक राजवाडे आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ च्या सुमारास ‘नाटक कंपनी’ काढली. वाघ आणि धर्माधिकारी बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाच्या, म्हणजे बीएमसीसीच्या, संघातले. थिएटर अकॅडमीच्या जन्मानंतर पस्तीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली: हंगाम संपला, महाविद्यालय सुटले, पण एकत्र काम करण्याची सवय सुटली नाही. यांपैकी अनेकजण चित्रपट आणि मालिकांकडे गेले. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, तथापि पुण्यात प्रायोगिक नाटकावर पोट भरत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

कोरोनामुळे २०२० चा हंगाम बुडाला. तीन वर्षांच्या पदवीत एक हंगाम जाणे म्हणजे एक आख्खी साखळी तुटणे. ज्यांनी बारावीनंतर प्रवेश घेऊन थेट ऑनलाइन वर्ग पाहिले, त्यांना विंगेत कसे उभे राहावे हे दाखवणारे वरचे वर्ग मिळालेच नाहीत. २०२२ मध्ये स्पर्धा झाली आणि परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका नाही असे ठरवून पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही. पहिल्या क्रमांकाचे रोख पारितोषिक दिले गेले, करंडक मात्र कपाटात राहिला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. विद्यार्थ्यांचा हिरमोड झाला, माजी स्पर्धकांत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की पहिला क्रमांक आहे तर करंडकही त्याचाच. स्पर्धा तुलनेची असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, करंडक हा दर्जाचा मापदंड आहे आणि तो वर्षागणिक खाली आणता येत नाही. नियमांच्या बाजूने पाहिले तर परीक्षक अधिकाराबाहेर गेले नाहीत. काळाच्या बाजूने पाहिले तर दोन वर्षे दारे बंद राहिलेल्या पिढीला जुन्या गजाने मोजणे कठोर होते. पुढच्या वर्षी प्रवेशिकांची रांग मात्र आटली नाही, आणि करंडक पुन्हा दिला जाऊ लागला.

भरत नाट्य मंदिराची सध्याची वास्तू १९७० च्या सुमाराची, म्हणजे १९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिराची जवळजवळ समवयस्क. बालगंधर्व महापालिकेचे आणि मोठे. तिथे व्यावसायिक नाटक आणि लावणीचे कार्यक्रम होतात. भरत लहान आणि खासगी संस्थेचे. कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी इतपतच त्याचा आवाका आहे, आणि नवख्या आवाजासाठी तो पुरतो. वर्षभर तिथे संस्थेची स्वतःची संगीत नाटके, वर्धापनदिनाचे कार्यक्रम, इतरांचे प्रयोग चालू असतात. ऑगस्ट लागला की कार्यालयाबाहेर पाठपिशव्या दिसू लागतात, भिंतीवर प्रयोगांचा तक्ता लागतो, आणि पुढचे पाच-सहा आठवडे त्या नाट्यगृहाच्या तारखा महाविद्यालयांच्या असतात.